सत्तर हजारांत बसवतो म्हणाला होता!

काय दिवस आलेत बघा. पूर्वी सोसायटीतला एखादा मुलगा जिन्याच्या वळणावर हळू आवाजात बोलताना दिसला की समजायचं, काहीतरी शिजतंय. २०२५ च्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचा असाच फोन कानाला लावून उभा होता. मी काही मुद्दाम ऐकत नाही हं कुणाचं, पण पिशव्या जड होत्या, जरा टेकले. तर म्हणतो काय, "बाबांना एवढ्यात कळू द्यायचं नाही. आधी घरी आणतो, मग बघू. आणि दोघी एकदमच आणतोय रे, एकीने भागत नाही." माझ्या हातातून नारळ सुटायचा बाकी राहिला! मागाहून उलगडा झाला की विषय रॅमचा होता. संगणकाची मेमरी. दोन पट्ट्या. ते ऐकून जीव भांड्यात पडला, पण दोन पट्ट्यांना नऊ हजार रुपये हे कळल्यावर पुन्हा बाहेर आला.

तर आमच्या डोंबिवलीत सध्या ही साथ आहे. गेमिंग पीसी बिल्ड करायचा. विकत आणायचा नाही हं, बिल्ड करायचा. तयार डबा आणणाऱ्याला ही मुलं वाळीत टाकतात. यांना तूरडाळ काय भाव आहे विचारा, तोंडाकडे बघत बसतील. पण साडेसहाशे वॅटच्या ब्राँझ एसएमपीएसचा, म्हणजे डब्याला वीज पुरवणाऱ्या खोक्याचा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाव काय, दिल्लीच्या नेहरू प्लेसचा काय आणि ऑनलाइन सेल लागला की काय, हे मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगतील. एक्सेलमध्ये तक्ते केलेत. गणिताच्या पेपरात ज्याला बेरीज चुकली म्हणून मार्क गेले, तो आठ रकान्यांची बेरीज तोंडी करतो.

तिसऱ्या मजल्यावरच्याचे बाबा बँकेतले. ७०,००० रुपये, त्यावर एक पैसा मिळणार नाही, असं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत ठरलं. एवढे तरी कसे कबूल झाले, तेही सांगते. "अभ्यासाला लागतो" हे जुनं अस्त्र आता चालत नाही. मुलाने तारीख काढली. मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ बंद करणार होती, आणि घरातला जुना डबा विंडोज ११ घ्यायला अपात्र. बँकेतल्या माणसाला सुरक्षेची भीती घातली की तो विरघळतो.

खरं कारण वेगळंच होतं. जीटीए ६ येतोय! मी चौकशी केली. त्या गेमची तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशी पुढे सरकत गेली आहे, आणि जी जाहीर झाली आहे ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. संगणकावर कधी येणार याचा पत्ता नाही. मागचा जीटीए ५ सुद्धा २०१३ मध्ये आला तो कन्सोलवर, संगणकावर यायला २०१५ उजाडलं. म्हणजे जो पाहुणा येतो म्हणालेलाच नाही, त्याच्यासाठी हा खोली रंगवतोय. पण हे त्याच्या बाबांना मी सांगितलं नाही. आपण कशाला मध्ये पडा.

पहिली यादी मी डोळ्यांनी पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, यादी सज्जन होती. रायझन ५ ५६०० प्रोसेसर साडेनऊ हजारांच्या आसपास, बी५५० मदरबोर्ड आठ-साडेआठ, सोळा जीबी रॅम साडेतीन, एक टीबी एसएसडी पाच, एसएमपीएस साडेचार, कॅबिनेट चार, आणि आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड तीस हजारांच्या घरात. गोळाबेरीज पासष्ट. पाच हजार हातात उरतात.

जवळजवळ निम्मे पैसे एका कार्डावर, हे ऐकून आपल्याला घेरी येते. पण त्यात तो चुकला नव्हता. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि १४४ हर्ट्झचा पडदा असेल तर ते सगळे सेकंदाला १४४ वेळा नव्याने रंगवायचे. एका चित्राला सात मिलिसेकंदही मिळत नाहीत. भिंत कुठे, शत्रू कुठे, गोळी लागली की नाही, हा हिशेब प्रोसेसर ठेवतो. रंगवण्याची हमाली कार्डाची. म्हणून गेमिंगच्या यादीत कार्ड आधी ठरवतात आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवतात. आजींचं म्हणणं पडलं की सिनेमा तर चोवीस चित्रांवर चालतो, आम्ही जन्मभर रडलो-हसलो ना त्याच्यावर? त्यावर नातू म्हणाला, "आजी, सिनेमात तुला गोळी चुकवायची नसते."

आता घसरण ऐका. दुसऱ्या मजल्यावरचा आला. यादी पाहिली आणि नाक मुरडलं. "एएम४? अजून?"

झालं! एएम४ म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो ते सॉकेट. २०१६ मध्ये आलं आणि प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने ते बरीच वर्षं चालवलं, पण २०२२ पासून नवी पिढी एएम५ मध्ये बसते. म्हणजे उद्या प्रोसेसर बदलायचा झाला तर बोर्डासकट बदला. त्यापेक्षा आत्ताच थोडे जास्त घाल. थोडेच. रायझन ५ ७५००एफ घे, पंधरा हजार. तो बसायला बी६५० बोर्ड, साडेअकरा. आणि एएम५ वर जुनी डीडीआर४ रॅम चालतच नाही, डीडीआर५च लागते. मग आता घेतोच आहेस तर बत्तीस जीबी घे, नऊ. एका "थोडे जास्त"ने चौदा हजार गिळले, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तिथेच तर सगळं पाप आहे! खोटं बोलून कुणी बजेट मोडलं असतं तर कान तरी धरता आला असता.

माझं विचाराल तर हा "उद्या" कुणाच्या घरी आलेला मी तरी पाहिलेला नाही. पाच वर्षांनी प्रोसेसर बदलायची वेळ येते तेव्हा बोर्डही जुना वाटतो, रॅमही जुनी वाटते आणि कॅबिनेटचा रंगही आवडेनासा होतो. एएम४वर १४ हजार वाचवून ते कार्डात घातले असते तर गेम आजच जास्त चांगला पळाला असता. पण आमचं कोण ऐकतंय.

दोन पट्ट्यांचंही सांगते, कारण त्या दिवसापासून मलाच चैन पडत नव्हतं. एकच मोठी पट्टी का नको? तर प्रोसेसर दोन पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो, एकीशी केली तर वाट निम्मी अरुंद. इतपत ठीक. पण पुढचं लफडं बघा. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम बोर्डावर बसवली की मुकाट्याने ४८०० सारख्या साध्या वेगाने चालायला लागते. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी नावाचा पर्याय सुरू करेपर्यंत ती आपला खरा वेग दाखवत नाही. सी विंगमधला एकजण वर्षभर सहा हजारच्या रॅमची फुशारकी मारत फिरला आणि आत चालत होती ४८००. कळलं त्या दिवशी तो क्रिकेटलाही खाली उतरला नाही.

पण खरी खमंग प्रकरणं म्हणाल तर कार्डांच्या घराण्यातली. अहो, काय एकेक चरित्र! २०१४ मध्ये एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स ९७० आलं. खोक्यावर चार जीबी. पुढच्या जानेवारीत बोभाटा झाला की साडेतीन जीबी वेगवान आहे आणि शेवटची अर्धी रखडत चालते. अमेरिकेत दावा लागला, आणि २०१६ मध्ये कंपनीने दर कार्डामागे ३० डॉलर द्यायचं कबूल केलं. अर्ध्या जीबीसाठी कोर्टात गेले! त्याच वर्षी जीटीएक्स १०६० आलं, तीन जीबीचं आणि सहा जीबीचं. लोकांना वाटलं फरक फक्त मेमरीचा. तर नाही, तीनवाल्याची चिपच आतून कमी कोअरची होती. नाव मात्र तेच. जीटी १०३० चं तर विचारूच नका. त्याच नावाने मागाहून साध्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं, ते आधीच्यापेक्षा कितीतरी मंद. घेणाऱ्याने खोक्याची मागची बाजू वाचली नाही की गेला.

२०२२ मध्ये तर कमाल झाली. आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर केलं, सोळा जीबी आणि बारा जीबी. बारावाल्याची चिपच वेगळी निघाली. एवढा गदारोळ झाला की ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलेलं कार्ड मागे घेतलं, आणि जानेवारीत तेच ४०७० टीआय या नावाने, शंभर डॉलर स्वस्त करून आणलं. यातून शहाणपण आलं असेल म्हणता? एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय आलं, आठ जीबीचं आणि सोळा जीबीचं, नाव एकच. एएमडी तरी वेगळी वागेल ना? जूनमध्ये त्यांचं आरएक्स ९०६० एक्सटी आलं, आठ आणि सोळा, नाव एकच! या दोघांची भांडणं जगजाहीर, पण या एका बाबतीत दोघे सख्खे.

या आठ-सोळावरून आमच्या सोसायटीत दोन तट पडलेत. कार्डाच्या मेमरीत गेमची सगळी चित्रं, पोत, सावल्या ठेवायच्या असतात. नव्या गेमांना सगळी सजावट वर चढवून आठ जीबी अपुरी पडायला लागली आहे. ती भरली की चित्र अडखळतं, नाहीतर भिंती पुसट दिसतात. सजावट एक पायरी खाली आणली की आठ जीबीवाला सुखाने खेळतो. पण एक पायरी खाली उतरायला कोण तयार आहे? तिसऱ्या मजल्यावरच्याने ५०६० टाकलं आणि सोळा जीबीचं ९०६० एक्सटी धरलं. अडतीस हजार. एवढ्या सगळ्या थोडे-जास्तांमध्ये हा एक मला पटला, हे त्याला सांगू नका.

सेकंडहँड कार्डाचा विचारही झाला होता. तिथे तर चारित्र्याचाच प्रश्न. २०२१ च्या सुमाराला लोकांनी खोल्या भरून कार्डं लावून इथेरियम नावाचं आभासी नाणं खणलं, तेव्हा नव्या कार्डांचे भाव दुपटीवर गेले होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांनी खणणं एका दिवसात संपलं, आणि ती दिवसरात्र राबलेली कार्डं "घरगुती वापर, फक्त गाणी ऐकली" असं सांगत बाजारात उतरली. अजूनही फिरतायत. घ्यायचंच तर समोर अर्धा तास गेम चालवून बघावा, पंख्याचा आवाज ऐकावा आणि मूळ बिल मागावं. बिल मागितल्यावर विकणारा "गावाला आहे" म्हणाला तर आपणही गावाला जावं.

मग एका शनिवारी बापलेक लॅमिंग्टन रोडला. डोंबिवली ते दादर, दादरला पूल ओलांडून ग्रँट रोड. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मुंबईच्या एका इंग्रज गव्हर्नराचं नाव पोरांच्या जिभेवरून काही उतरत नाही. तिथे दुकानात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न, "बजेट बोलो." आणि बाबांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं! अहो, तिथे बजेट सांगायचं नसतं, यादी दाखवायची असते. सत्तर सांगितलं की कोटेशन ६९,८०० चं निघतं. साठ सांगितलं असतं तर त्याच चहाच्या कपावर ५९,८०० चं निघालं असतं.

आणि ते कोटेशन वाचायचं कसं, हे पोरगं छान शिकलंय, मानलं पाहिजे. प्रोसेसर आणि कार्ड यांचं नाव-गाव-कुळ पूर्ण लिहिलेलं असतं, कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं. खाली नुसतं "एसएसडी १ टीबी", "एसएमपीएस ६५० वॅट", "रॅम १६ जीबी". कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल, काही नाही. ज्या ओळीत मॉडेल नाही त्या ओळीत दुकानदाराचा सणवार. एका दुकानात तर बाबांना चार जीबीचं जीटी ७३० दाखवून "चार जीबी ग्राफिक है साब, सब गेम चलेगा" सांगितलं. बाबांचे डोळे चमकले, कारण किंमत खिशातली. मुलाने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. ते कार्ड २०१४ सालचं. मेमरीचा आकडा मोठा असला तरी रंगवणारा हातच थकलेला.

शिवाय "बिल चाहिए क्या?" हा प्रश्न. जीएसटी १८ टक्के, कच्च्या बिलावर सोडतो म्हणतात. अडतीस हजारांचं कार्ड कच्च्या बिलावर घेऊन तीन वर्षांची वॉरंटी कुणाच्या नावाने मागणार आहात?

जीएसटीवरून आठवलं. बाबांनी मध्येच सगळं थांबवलं होतं. "२२ सप्टेंबरपासून कर कमी होतोय, तोवर एक स्क्रू घ्यायचा नाही!" सगळी सोसायटी थांबली. २२ तारीख उजाडली. बत्तीस इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड आधीही १८ वर होते, नंतरही १८ वरच राहिले. पेपर नीट न वाचता कुटुंबप्रमुखाने फर्मान काढलं की हे असं होतं. पण तोवर रॅमच्या त्या दोघी कपाटात, स्वेटरच्या मागे, गुपचूप येऊन बसल्या होत्या. गणपतीत मामाने दिलेले पैसे आणि स्वतःची बचत. पुढे त्यांनी काय रंग दाखवले ते सांगतेच.

एसएमपीएसबद्दल मात्र मी थट्टा करणार नाही. करते, पण थोडी. पूर्वी कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट यायचा, ४५० वॅट लिहिलेला, हातात घेतला तर हलका. तो गेला की जाताना बोर्डाला घेऊन जायचा. त्यामुळे इथे पैसे वाचवायचे नाहीत हे मुलांना पाठ आहे. पण "८० प्लस ब्राँझ" हा बिल्ला म्हणजे देवाचा अंगारा असं जे त्यांना वाटतं, ते काही खरं नाही. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते आणि किती उष्णतेत जाते, एवढंच तो सांगतो. शॉर्ट झालं तर तो स्वतःला आवरेल की नाही, हे तो बिल्ला सांगत नाही. आणि हावही बघा. याचा अख्खा डबा पूर्ण जोरात तीनशे वॅटच्या आसपास खाणार, साडेपाचशेचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. तर याला साडेआठशेचा हवा. "फ्युचर प्रूफ!" शेवटी साडेसहाशेवर तह झाला. घरातला जुना सहाशे व्हीएचा यूपीएस याला पुरेल का, हा प्रश्न त्या तहात कुणी काढलाच नाही. वीज गेल्यावर निघालाच. तो यूपीएस साधारण साडेतीनशे वॅटचा, बॅटरी चार वर्षांची. "की" असा आवाज केला आणि बसला.

कॅबिनेटवर जास्त बोलण्यासारखं नाही, कारण तिथे अक्कल चालतच नाही, डोळे चालतात. तीन बाजूंनी काच, सात पंखे, प्रत्येकात इंद्रधनुष्य. पुढून हवा शिरायला जाळी हवी तिथेही काच. आमची नागपूरची वहिनी सांगत होती, तिच्या मुलाचा असला डबा मे महिन्यात कूलरच्या झोतात ठेवला होता. बाहेर पंचेचाळीस अंश आणि कूलरची दमट हवा थेट सर्किटांवर! तिने खाली सतरंजी टाकून तो दुसऱ्या खोलीत हलवला. आणि काचेचं आणखी एक. ही टेम्पर्ड काच असते ना, ती नुसत्या फरशीवर कडेने टेकवली तर क्षणात हजार तुकडे होतात. सिरॅमिक टाइल तिची वैरीण आहे. सी विंगमधल्याने टेकवली. त्यांच्याकडे अजून सोफ्याखाली तुकडे सापडतात.

आणि आता बसा नीट. या साऱ्या यादीत, या चर्चेत, या दोन महिन्यांत, मॉनिटर नव्हता! लिहायचाच राहिला! घरी जो होता तो साठ हर्ट्झचा, निळ्या व्हीजीए वायरीचा. नव्या कार्डाला ते निळं भोकच नसतं. दहा हजारांचा नवा १८० हर्ट्झचा आला. विंडोजच्या लायसन्सचं काय केलं, असं मी विचारलं तर आई, बाबा, मुलगा तिघांनी एकदम विषय बदलला.

सत्तरचे एक लाख झाले. बाबा दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. शेवटी आजींनीच तोंड उघडलं. "तू हा फ्लॅट घेतलास तेव्हा कितीला ठरला होता रे? मग वरच्या मजल्याचे जास्त, मग पार्किंग, मग स्टँप ड्यूटी, मग 'आता एवढे घातलेच आहेत तर मॉड्युलर किचन'. मी बोलले होते का काही?" त्यानंतर घरात अन्न शिजलं.

जोडणीचा रविवार मी चुकवणार थोडीच! वाटीभर चिवडा द्यायच्या निमित्ताने गेले. वर्तमानपत्रं पसरलेली, फोनवर व्हिडिओ चालू, प्रोसेसर हातात धरताना पोराचा श्वास बंद. प्रोसेसरवरच्या कूलरच्या बुडाचं प्लास्टिक सोलायचं असतं ते आठवणीने सोललं. बटण दाबलं. सातही पंखे लखलखले. पडदा काळा. आईने देवाकडे बघितलं. बाबा म्हणाले, "लाख रुपयांचा अंधार." तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्याने वाकून मागे पाहिलं, तर वायर कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली. त्या ७५००एफ मधल्या "एफ"चा अर्थच हा की या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक नाही. बोर्डाच्या भोकातून त्याला कधी काही दाखवताच येणार नाही. वायर बदलली. तरी काळाच! कारण एएम५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना नव्या रॅमची तालीम घेतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं त्या घराने कशी काढली, ते मी पाहिलंय. मी चिवडाच खात होते.

आता त्या दोघींचा पराक्रम. दसरा-दिवाळीच्या सुमाराला रॅमचे भाव चढायला लागले ते थांबेचनात. कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं मेमरी ओढून घ्यायला लागली, आणि जगातली बहुतेक मेमरी बनवतात तिघेच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रूशिअल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पोरांच्या ग्रुपवर सुतक पाळलं गेलं. स्वेटरच्या मागे लपवून आणलेल्या त्या पट्ट्यांची किंमत नऊ हजारांच्या दुपटीपुढे गेली. बाबांनी वर्षभर काय काय फंडांत पैसे घातलेत, आणि घरात सगळ्यात जास्त वाढलेली गुंतवणूक म्हणजे पोराने चोरून आणलेली रॅम! आता तेच रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारतात, "आज काय भाव चाललाय रे?" मध्यंतरी म्हणे, "एक विकून टाकली तर?" मुलगा ताटावरून उठला. सी विंगमधला बिचारा दिवाळीच्या सेलसाठी थांबला होता. त्याचं बजेट आता कार्डापर्यंत पोचतच नाही. एसएसडीही महाग झाल्या. तो सध्या गच्चीवर एकटा फिरतो.

आणि एवढा खटाटोप करून खेळतो काय, माहितीय? जीटीए ६ तर नाहीच. व्हॅलोरंट! रोज रात्री व्हॅलोरंट. फुकटातला गेम. त्या गेमच्या कंपनीने शिफारस केलेल्या कार्डांच्या यादीत कुठलं नाव आहे, तेही मी काढलं. जीटी ७३०. हो, तेच, ज्याच्यापासून बाबांना हाताला धरून बाहेर काढलं होतं!

तो हरतो मात्र सारखा. मध्यरात्री त्यांच्या खिडकीतून आरडाओरड ऐकू येते, पडद्याचे हर्ट्झ कमी पडतात म्हणे. त्याला रोज कोण हरवतं ते मला ठाऊक आहे. पहिल्या मजल्यावरची, बारावीची, मावशीच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या लॅपटॉपवर, पांघरूण डोक्यावर घेऊन. तिची आई समजते पोरगी फिजिक्सचे व्हिडिओ बघते. मी कुणाला सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे.